नाणेघाटांतील चोवीस हजार चारशें

मोठ्या संख्येचें आकर्षण मनुष्याला फार जुनें आहे. राजाचें सैन्य किती, गाई किती, दान किती, हें सांगतांना संख्या जितकी मोठी तितकें सांगणाऱ्याचें समाधान अधिक. परंतु मोठी संख्या बोलून दाखविणें ही एक गोष्ट. ती पुढच्या पिढ्यांना वाचतां येईल अशा रीतीनें लिहून ठेवणें ही दुसरी. आणि त्या संख्येचे स्वतःचे गुणधर्म शोधून काढणें ही तिसरी. या तिन्ही गोष्टी मानवाला एकाच वेळीं साधल्या नाहींत. त्या कोणत्या क्रमानें साधल्या आणि एकीसाठीं दुसरीचा कोठें त्याग करावा लागला, हें समजून घेण्यास आपणां महाराष्ट्रीयांना ग्रीस किंवा बाबिलोन गांठण्याचें कारण नाहीं. जुन्नर तालुक्यांतील एका लेण्याच्या भिंतीवर कोरलेली २४,४०० ही एकच संख्या त्या कामीं पुरेशी आहे.

जुन्नर तालुक्यांत कल्याण–नगर रस्त्यावर पिंपरी पेंढार हें गांव आहे. तेथून पश्चिमेस निघालें कीं रस्ता ओतुरावरून पुढें जाऊन माळशेज घाटानें कोंकणांत उतरतो. आज देशावरील भाजीपाला मोटारींत भरून याच वाटेनें कल्याण-मुंबईकडे जातो. सातवाहनांच्या काळीं हें काम माळशेजच्या दक्षिणेस असलेल्या नाणेघाटाकडे होतें. सोपारा व कल्याण या बंदरांवर उतरलेला माल हा घाट चढून जुन्नरास येई आणि तेथून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावर कातळांत खोदलेलें एक दालन आहे. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्या रांजणांत टाकीत, अशी समजूत त्या भागांत अद्यापि प्रचलित आहे.

या दालनाकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वेधलें तें कर्नल साइक्स यांनीं, १८२८ च्या सुमारास. मागील भिंतीवर सातवाहन राजकुलांतील व्यक्तींचे पुतळे होते. ते आतां नाहींसे झाले आहेत. मात्र सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा श्री सातकर्णि, महारठी त्रणकयिरो इत्यादि नांवें वाचतां येतात. बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत एक मोठा लेख आहे. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य व चार लोकपाल यांना वंदन करून तो एका राणीनें व तिच्या पतीनें केलेल्या यज्ञांची व दिलेल्या दक्षिणांची यादी देतो. ही राणी म्हणजेच नायनिका किंवा नागनिका, सातकर्णीची पत्नी, असें सामान्यतः मानलें जातें. १८८३ मध्यें हा लेख संपादून प्रसिद्ध करणाऱ्या ब्यूलर यांनीं त्याचा काळ इसवी सनापूर्वींचें दुसरें शतक असा धरला होता. अलीकडे तो इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील मानण्याकडे कल आहे.

यज्ञांच्या यादीपेक्षांही डोळ्यांत भरते ती आंकड्यांची यादी. गाई कोठें १,७००, कोठें ११,०००, कोठें १०,००१, हत्ती १०, घोडे १,०००, आणि कार्षापण नाण्यांची एक रक्कम २४,४००. ते कार्षापण चांदीचे होते असें धरलें आणि एकाचें वजन साधारण ३.३ ग्रॅम मानलें, तर ही चांदी ८० किलोग्रॅमच्या घरांत जाते. एका क्षणाला एक याप्रमाणें नाणीं मोजावयास बसलेल्या मनुष्याला पावणेसात तासांहून थोडा अधिक वेळ लागेल.

आतां ही रक्कम कोरणाऱ्यानें कशी कोरली तें पाहूं. आपण २, ४, ४ आणि दोन शून्यें असे पांच अंक मांडतों. नाणेघाटांत केवळ तीन चिन्हें आहेत: वीस हजारांचें एक, चार हजारांचें एक आणि चारशांचें एक. शून्य नाहीं, आणि अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरविण्याची रीतही नाहीं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चार, सहा, सात, नऊ यांना स्वतंत्र खुणा. दहा, वीस, ऐंशी यांनाही स्वतंत्र खुणा. शंभराच्या खुणेला उजवीकडे एक रेघ जोडली कीं दोनशें होतात, दोन जोडल्या कीं तीनशें. चाराची खूण जोडली कीं चारशें. हजाराच्या खुणेला चाराची खूण जोडून चार हजार, आणि विसाची जोडून वीस हजार. अशीं जोडचिन्हें ओळीनें मांडावयाचीं व वाचणाऱ्यानें त्यांची बेरीज करावयाची, एवढाच नियम. थोडा विचार केला तर ध्यानांत येईल कीं ही रीत आपल्या बोलण्यासारखीच आहे. 'चोवीस हजार चारशें' असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत शून्याचा उच्चार कोठें होतो? नाणेघाटच्या पाथरवटानें बोललेली संख्या कोरली. आपण हिशेबाची संख्या लिहितों.

या खुणांचे अर्थ लावण्याच्या कामीं पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांचे परिश्रम फार मोठे आहेत. वाचकास प्रश्न पडेल कीं जोडचिन्ह वीस हजारांचेंच, हें कशावरून? या शंकेचें उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यांत मिळतें. नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा तेथील दहाव्या लेण्यांतील लेख नाणेघाटानंतरचा आहे, परंतु अंकलेखनाची पद्धति त्याच कुळांतील आहे. उषवदातानें रकमा शब्दांत सांगून पुढें आंकडेही कोरविले. तीन हजार कार्षापण त्यानें गोवर्धनच्या विणकरश्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. पैकीं दोन हजार दरमहा शेंकडा एक या व्याजानें. त्या व्याजांतून लेण्यांत राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरांसाठीं मिळावयाचे. दोन हजारांवर महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशें चाळीस. आणि वीस बारे दोनशें चाळीस. त्याच ठिकाणीं देव-ब्राह्मणांना दिलेले ७०,००० कार्षापण नमूद आहेत, आणि ते पसतीस कार्षापणांना एक या भावानें २,००० सुवर्ण होतात, असेंही सांगितलें आहे. पसतीस गुणिलें दोन हजार बरोबर सत्तर हजार. एका खुणेचें वाचन चुकतें तर हीं गणितें जमलीं नसतीं. शब्द आंकड्याला साक्ष आणि गुणाकार दोघांना साक्ष, असा हा तिहेरी पुरावा आहे.

उषवदाताचा हा हिशेब नाणेघाटच्या रकमेला मापदंड म्हणूनही उपयोगी पडतो. दोन्ही लेखांतील काळाचें अंतर ध्यानांत ठेवून असें म्हणतां येईल कीं वर्षाला बारा कार्षापण या मानानें २४,४०० कार्षापणांत दोन हजारांवर भिक्षूंच्या एका वर्षाच्या वस्त्रांची सोय झाली असती.

येथवर संख्येचा इतिहास झाला. आतां संख्येकडे संख्या म्हणून पाहूं. २४,४०० म्हणजे ४०० गुणिलें ६१. त्यांतील ४०० चे घटक चार वेळां २ आणि दोन वेळां ५. आणि ६१ ही अविभाज्य संख्या. या घटकांवरून पुष्कळ गोष्टी निष्पन्न होतात. या संख्येला नि:शेष भाग देणाऱ्या संख्या एकंदर तीस आहेत, आणि त्या सर्वांची बेरीज ५९,५८२, म्हणजे ३१ गुणिलें ३१ गुणिलें ६२, इतकी नीटस येते. १६ नें भागल्यास १,५२५ येतात. सोमयागांत ऋत्विज सोळा असतात. तेव्हां ही रक्कम सोळा जणांत समान वांटतां येते. परंतु शास्त्रांत दक्षिणेची वांटणी समान सांगितलेली नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत चार-चार ऋत्विजांचे चार वर्ग धरून उतरतें प्रमाण दिलें आहे, आणि टीकाकार तें शंभर गाईंच्या उदाहरणानें स्पष्ट करतात: पहिल्या चौघांना मिळून ४८, दुसऱ्यांना २४, तिसऱ्यांना १६, चौथ्यांना १२. आपली रक्कम या प्रमाणांत वांटली तर वर्गांना अनुक्रमें ११,७१२, ५,८५६, ३,९०४ व २,९२८ कार्षापण येतात, आणि प्रत्येक ऋत्विजाच्या वांट्यास २,९२८, १,४६४, ९७६ किंवा ७३२ पूर्ण नाणीं पडतात. एकही नाणें फोडावें लागत नाहीं. राणीच्या कारभाऱ्यांनीं हा विचार करूनच रक्कम ठरविली असें मात्र म्हणतां येणार नाहीं, कारण शंभराच्या पटींतील कोणतीही रक्कम अशीच सुटेल.

दुसरा गुणधर्म अधिक खोल आहे. ६१ म्हणजे ५ चा वर्ग २५ व ६ चा वर्ग ३६ यांची बेरीज. ४०० हा २० चा वर्ग असल्यामुळें २४,४०० ही १०० चा वर्ग व १२० चा वर्ग यांची बेरीज होते: १०,००० आणि १४,४००. इतकेंच नव्हे, तर १५६ व ८ यांचे वर्ग मिळवले तरी हीच संख्या येते, आणि ३६ व १५२ यांचे मिळवले तरीही हीच. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती या तीनच प्रकारांनीं मांडतां येते, चौथा प्रकार नाहीं. यज्ञवेदी रचणाऱ्यांना या गोष्टीची भूमिका परकी नव्हती. दोन चौरसांच्या क्षेत्रफळाइतका एक चौरस दोरीनें कसा आंखावा, हें बौधायनाच्या शुल्बसूत्रांत सांगितलेलें आहे. शंभर व एकशेंवीस बाजूंचे दोन चौरस घेऊन २४,४०० क्षेत्रफळाचा चौरस त्यांनीं सहज आंखला असता, जरी त्याची बाजू कोणत्याही पूर्णांकानें सांगतां येत नसली तरी.

लेखांतील इतर संख्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे एक लौकिक गोष्टही नजरेस येते. १,१०१ गाई, १०,००१ गाई, आणि यज्ञ पाहण्यास जमलेल्या प्रसर्पकांना ६,००१ कार्षापण, असे आंकडे तेथें आहेत. वरचा एक कां, हें महाराष्ट्रांतील गृहिणीला सांगावयास नको. लग्नामुंजींत अहेर करतांना आपण शंभर देत नाहीं, एकशेंएक देतों. पूर्ण आंकड्यावर थांबूं नये, पुढें वाढ असावी, ही भावना निदान दोन हजार वर्षांची आहे, याला हा लेख साक्ष आहे. गणिताच्या दृष्टीनें हा एक फार उलथापालथ करतो. ६,००० ला अनेक संख्यांनीं भाग जातो. ६,००१ चे घटक मात्र १७ आणि ३५३ एवढेच, आणि १०,००१ चे ७३ व १३७. म्हणजे मंगल संख्या वांटावयास कठीण! २८९ आणि १७ हे आंकडेही या लेखांत आहेत, आणि २८९ हा १७ चा वर्ग होय. वाजपेय यज्ञांत सतराच्या आंकड्याला विशेष मान आहे हें प्रसिद्ध आहे. पण लेखाचा तो भाग इतका झिजला आहे कीं यावर अनुमान रचणें धाडसाचें होईल.

झिजण्याचा उल्लेख आला, तेव्हां या लेखनपद्धतीचा एक गुण सांगितला पाहिजे. शून्य नसलेल्या या रीतीला आपण मागासलेली म्हणून मोकळे होतों. परंतु आपल्या रीतीनें कोरलेल्या २४४०० मधील शेवटचें शून्य पावसानें पुसलें, तर उरतात २४४०, म्हणजे रकमेचा दशांश. आणि उलट कोणी लबाडानें एक शून्य वाढविलें तर रक्कम दसपट. नाणेघाटांतील तिसरें चिन्ह पुसलें गेलें तर उरतात चोवीस हजार. राहिलेलीं दोन चिन्हें आपली किंमत सोडीत नाहींत. उघड्या कातळावर, सह्याद्रीच्या पावसांत, साक्ष म्हणून टिकवावयाच्या संख्येला हीच रीत योग्य होती. आज सुद्धां धनादेशावर आंकड्यांखेरीज रक्कम अक्षरीं लिहावी लागते, ती याच कारणासाठीं. उषवदातानें नाशिकांत जें केलें तेंच आपण पेढीवर करतों.

मग ही रीत गेली कां? कारण तिनें साक्ष ठेवतां येते, हिशेब करतां येत नाहीं. या जोडचिन्हांनीं एखादा मोठा गुणाकार कागदावर मांडून पाहावा, म्हणजे अडचण कळून येईल. बोलीमध्यें दशगुणित नांवांची मालिका फार पूर्वींपासून होती; यजुर्वेदांत एकापासून परार्धापर्यंतचीं नांवें आहेत. परंतु नांवांमधील हा क्रम अंकांच्या जागेंत उतरण्यास शतकें लागलीं. ब्रह्मगुप्तानें ६२८ मध्यें शून्याचे नियम दिले. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरांतील ८७६ च्या लेखांत २७० व ५० हे आंकडे आजच्याप्रमाणें शून्यासह कोरलेले दिसतात.

या नव्या पद्धतीनें काय साधलें, याचें उदाहरण योगायोगानें आपल्या संख्येच्या पोटांतच आहे. तें म्हणजे ६१. सह्याद्रीच्या परिसरांतील भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या बीजगणितांत एक प्रश्न घातला आहे: अशी वर्गसंख्या सांगा कीं तिला ६१ नें गुणून एक मिळविला असतां पुन्हां वर्गसंख्याच होईल. प्रश्न एका ओळीचा. पण सर्वांत लहान उत्तर असें कीं २२,६१,५३,९८० या संख्येचा वर्ग घेऊन त्याला ६१ नें गुणावें व एक मिळवावा, म्हणजे १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग येतो. भास्कराचार्यांनीं चक्रवाल पद्धतीनें हें उत्तर काढलें. फ्रेंच गणिती फेर्मा यानें १६५७ मध्यें युरोपांतील गणित्यांना आव्हान म्हणून हाच ६१ चा प्रश्न घातला, त्यापूर्वीं पांचशें वर्षें तो येथें सुटलेला होता. नाणेघाटच्या लेखांत कोटीला चिन्हच नाहीं. तेथील रीतीनें हें उत्तर लिहितांही आलें नसतें, मग शोधणें दूरच. चाळीसगांवजवळील पाटण येथें १२०७ च्या शिलालेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचें नमूद आहे. नाणेघाटांत दगडावर दानाची संख्या कोरली. पाटणला दगडावर संख्याशास्त्राच्या शिक्षणासाठीं केलेलें दान कोरलें.

येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण सुशिक्षितांतही त्याविषयीं घोटाळा आढळतो. संख्येचे कांहीं गुण तिचे स्वतःचे असतात, कांहीं तिच्या पोशाखाचे. देवळालीचे शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं ६१७४ या अंकाच्या चमत्कारानें जगभर नांव मिळविलें. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनें नि:शेष भाग जातो तिला त्यांनीं 'हर्षद' असें गोड नांव दिलें. २४,४०० च्या अंकांची बेरीज १० आहे आणि दहानें तिला भाग जातो; म्हणून ती हर्षद होय. पण दहाऐवजीं बाराचा पाया धरून हीच संख्या लिहिली तर तिचे अंक १, २, १, ५, ४ होतात, बेरीज १३ भरते, आणि तेरानें भाग जात नाहीं. हर्षदपणा गेला! नाणेघाटच्या तीन चिन्हांत तर तो कधीं नव्हताच. मात्र ती कोणत्याही लिपींत लिहा, तीन प्रकारांनींच दोन वर्गांची बेरीज होते, आणि तिच्या पोटांत ६१ असतोच. पहिल्या प्रकारचे गुण मनोरंजक आहेत व त्यांचा अभ्यासही गणितच आहे. परंतु दुसऱ्या प्रकारच्या गुणांना काळ, लिपि आणि राज्य यांचा स्पर्श होत नाहीं.

नाणेघाटचा लेख आज जागोजागीं खंडित आहे. कित्येक ठिकाणीं यज्ञाचें नांव गेलें आहे आणि दक्षिणेचा आंकडा तेवढा उरला आहे. पावसाइतकीच भीति आतां येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाताचीही आहे. प्राचीन भिंतींवर स्वतःचें नांव ओरखडून ठेवण्याची आपल्या लोकांची खोड सर्वांस ठाऊक आहे. अशा एका ओरखड्यानें चारशांची खूण गेली, तर गणिताचें कांहीं बिघडणार नाहीं. २४,४०० चे गुण जेथल्या तेथें राहतील. बिघडेल तें इतिहासाचें. कारण ही संख्या कोणी, कोणत्या प्रसंगीं, कोणत्या खुणांनीं लिहिली, हें सांगणारा दुसरा दगड आपल्यापाशीं नाहीं. पावसाळा ओसरल्यावर जुन्नरकडे जाणाऱ्या वाचकांनीं आपल्या मुलांना त्या भिंतीसमोर अवश्य उभें करावें, तीं तीन चिन्हें दाखवावीं, आणि हात मात्र लावूं देऊं नये.